आज्ञेवरून, पोर्ट ३१२८

घरातला जुना कॉम्प्युटर मराठी माणूस टाकून देत नाही. त्याच्यावर आधी प्लॅस्टिकचं कव्हर चढतं, कव्हरावर इस्त्रीला द्यायचे कपडे साचतात आणि मग एका रविवारी भंगारवाला वर येतो, खाली न वाकताच त्याच्याकडे बघतो आणि म्हणतो, “दोनशे.” हा भाव घराच्या जिव्हारी लागतो. लॅमिंग्टन रोडला अख्खी दुपार घासाघीस करून मदरबोर्ड एका दुकानातून, रॅम दुसऱ्यातून आणि कॅबिनेट तिसऱ्यातून घेतलेलं असतं. मॉनिटर मांडीवर धरून, दादरला गाडी बदलून डोंबिवली गाठलेली असते. त्याचे दोनशे? “राहू दे, ह्याचं आपण काहीतरी करू,” असं म्हणून भंगारवाल्याला वाटेला लावलं जातं. घरगुती सर्व्हरांच्या जन्मामागे तंत्रज्ञानाची ओढ कमी आणि भंगारवाल्याचा भाव जास्त, असं माझं मत आहे.

ह्या ‘काहीतरी’चे प्रकार असतात. कोणी त्यात जुनी नाट्यगीतं भरून ठेवतं. कोणी तो नातवंडांना उघडून खेळायला देतं. आणि ज्यांच्या हाताशी वेळ आहे, डोक्यात शिस्त आहे आणि शिस्त लावून घ्यायला घरात कोणीच तयार नाही, ते प्रॉक्सी सर्व्हर बसवतात.

आमच्या मजल्यावरच्या नानांनी बसवला.

प्रॉक्सी म्हणजे काय, हे डोंबिवलीकराला सांगणं अगदी सोपं. इमारतीतला एक जण दादरला निघतो. तो निघालाय हे त्याच्या आधी जिन्याला कळतं. पहिल्या मजल्याला फुलबाजारातून शेवंती हवी असते, दुसऱ्याला छबिलदास गल्लीतून नातीचं पाठ्यपुस्तक, तिसऱ्याला उपासाची मिठाई. सगळ्यांच्या वतीने तो एकटा जातो. दुकानदाराला फक्त त्याचा चेहरा दिसतो. शेवंती कोणाच्या देवाला जाणार, हे त्याला कळत नाही. माणूस हुशार असला तर मागच्या वेळी तिघांनी मागितलेली वस्तू चार जास्तीच्या आणून घरात ठेवतो आणि पुढच्या वेळी दादरला न जाताच देतो. शिवाय कोणी काय मागवलं, हे अख्ख्या इमारतीत त्याला एकट्याला ठाऊक असतं. प्रॉक्सीची कामं हीच: सगळ्यांच्या वतीने बाहेर जायचं, जास्तीचं आणून साठवायचं आणि कोणी काय मागितलं ते वहीत लिहून ठेवायचं. पहिल्या दोन कामांसाठी प्रॉक्सी बसवतोय असं लोक सांगतात. तिसऱ्यासाठी बसवतात.

एके काळी पहिली दोन कामंही खरी होती. १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांना खुलं केलं. त्यानंतरची काही वर्षं फोनवरून नंबर लावायचा, मोडेमची किंकाळी ऐकायची आणि एक फोटो कपाळापासून हनुवटीपर्यंत उतरेस्तोवर चहा पिऊन यायचं, असा रिवाज होता. मग सायबर कॅफे आले. फोनची लाइन एक, प्लायवुडच्या खोपट्यांतले कॉम्प्युटर सहा-आठ. ती एक लाइन सगळ्यांना वाटून देणारा प्रॉक्सी काउंटरवरच्या मशीनमध्ये असायचा. बारावीच्या निकालाच्या दिवशी मुखपृष्ठावरचं तेच बोधचिन्ह साठ पोरांनी मागितलं तरी फोनवरून ते एकदाच यायचं. बाकीच्यांना काउंटरवरूनच मिळायचं. कोणत्या खोपट्यात काय चाललंय हे काउंटरवरच्या मुलाला कळायचं आणि तो कोणाला काही बोलायचा नाही. त्या पोरांच्या मौनावर कित्येक घरांची अब्रू टिकली.

नाना मौनातले नाहीत. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत. एक्स्चेंजमध्ये आयुष्य गेल्यामुळे कोणाचा फोन कुठे जातो, हे आपल्याला कळलं पाहिजे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. घरात माई, मुलगा, सूनबाई आणि सातवीतला नातू. मुलगी जर्मनीत. “सगळे दिवसभर त्या नेटवर असतात,” नाना मला म्हणाले, “पण कोण कुठे जातं, किती वेळ जातं, काही रेकॉर्डच नाही रे!”

रेकॉर्डसाठी लागणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. त्याचं नाव स्क्विड. अमेरिकेतल्या हार्वेस्ट नावाच्या संशोधन प्रकल्पातून ते फुटून निघालं आणि १९९६पासून जगभर चालतंय. स्क्विड म्हणजे आपलं माकूळ. चांगली नावं आधीच संपली होती म्हणून हे राहिलं, असा खुलासा ते करणाऱ्यांनीच देऊन ठेवलाय. नानांचं घर शाकाहारी. “घरात चालवायचं ते चालवा, पण नाव तरी बदला,” असं माईंनी बजावल्यावर नानांनी त्या मशीनचं नाव ‘द्वारपाल’ ठेवलं. बाहेरून द्वारपाल, आत माकूळ.

बसवण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आधी उबंटू घालायचं, मग एक ओळ टाइप करायची, की स्क्विड येऊन बसतं. हे इतकं लवकर झालं की नाना हिरमुसले. मग त्यांनी त्याची कॉन्फिगरेशनची फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा फुलला. फाइलमध्ये काही हजार ओळी असतात. त्यातल्या बहुतेकांच्या आधी हॅशचं चिन्ह, म्हणजे ती ओळ फक्त माहितीसाठी; अंमल होतो तो मोजक्याच ओळींचा. ज्याने नोकरीभर परिपत्रकं वाचली, त्याला ह्याहून गोड वाचन कुठलं? नानांनी प्रिंट काढली, दोऱ्याने शिवली आणि लाल पेन घेऊन गॅलरीत बसले.

त्या फाइलची रीत ऐकण्यासारखी आहे. नियम वरून खाली वाचले जातात. जो पहिला लागू पडतो तो लागू. खालचे कोणी वाचत नाही. सगळ्यांत शेवटी एक ओळ असते: ‘डिनाय ऑल’. वर ज्याचा उल्लेख नाही त्याला नकार. आणि बसवल्याबरोबरची व्यवस्था अशी, की ज्या मशीनवर हे बसवलंय त्या एकट्या मशीनला परवानगी, बाकी दुनियेला बंदी. नानांनी चष्मा काढून पुसला. “हे माझ्या पहिल्या साहेबाने लिहिलेलं दिसतंय,” ते म्हणाले.

फाइलमध्ये घराला परवानगी दिली, की मग प्रत्येक यंत्राला सांगावं लागतं, की बाबा, यापुढे थेट बाहेर जायचं नाही, १९२.१६८.१.५ ह्या पत्त्यावर, पोर्ट ३१२८ला अर्ज करायचा. फोनमध्ये वायफायच्या नावावर बोट दाबून, ‘मॅन्युअल’ निवडून हे लिहायचं. नानांनी रात्री जेवणं झाल्यावर सगळ्यांचे फोन ताटलीत गोळा केले. मुलाने दिला. नातवाने देताना एवढंच विचारलं, “हे फक्त वायफायला लागतं ना?” नानांनी त्याच्या चौकसपणाचं कौतुक केलं. प्रश्नाचं मर्म कळायला त्यांना आठवडा जावा लागला.

अडलं ते सूनबाईंच्या लॅपटॉपवर. तो ऑफिसचा. त्यात आधीच कंपनीचा प्रॉक्सी होता आणि तो बदलायचा अधिकार खुद्द सूनबाईंनाही नव्हता. एका म्यानात दुसरी तलवार, तीही बंगळुरूची. नाना दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिले आणि मग अत्यंत आदराने म्हणाले, “त्यांच्या माणसाशी माझं एकदा बोलणं करून दे. काम पक्कं केलंय.”

इथपर्यंत घराने सहन केलं. पण एका सकाळी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि ती आल्यावर राउटरने द्वारपालाला नवा पत्ता दिला. पाचच्या जागी सात. सगळे फोन इमानाने पाच नंबरच्या दारावर धडका देत बसले, आणि तिथे आता नातवाचा टॅब राहायला आला होता. पत्ता कायमचा राखून ठेवण्याची सोय राउटरमध्ये असते आणि नानांनी ती तासाभरात शोधलीही. पण तेवढ्या तासात एक मोठा बदल होऊन गेला. पूर्वी नेट गेलं की घर कंपनीला शिव्या द्यायचं. आता ‘नानांचा प्रॉक्सी’ हे कारण सापडलं. बँकेचा ओटीपी आला नाही, प्रॉक्सी. गॅसचा नंबर लागला नाही, प्रॉक्सी. गिझर तापला नाही तेव्हाही मुलाने जाता जाता गॅलरीकडे एक कटाक्ष टाकला. ज्याच्या घरी सर्व्हर असतो, त्याच्याकडे दोषाचं वतन वंशपरंपरेने चालत येतं.

नानांना ह्याची फिकीर नव्हती, कारण त्यांच्या हाती वही आली होती. स्क्विड प्रत्येक विनंतीची एक ओळ लिहितो: वेळ, कोणत्या यंत्राकडून आली, काय निकाल लागला, कुठे जायचं होतं. ह्यातली वेळ घड्याळाची नसते. १ जानेवारी १९७०पासून किती सेकंद झाले, तो आकडा असतो. म्हणजे १७००००००००, एकावर सात आणि पुढे आठ शून्यं, ही १५ नोव्हेंबर २०२३ची पहाट, ३ वाजून ४३ मिनिटं. ही वेळ सरळ करून दाखवायची सोय आहे, पण नानांना ती नको होती. त्यांनी वहीत कोष्टक आखलं आणि हाताने भागाकार सुरू केले.

निष्कर्ष मात्र धक्कादायक निघाले. घरात सगळ्यांत जास्त बोलणारी व्यक्ती नातू नव्हती, सूनबाईही नव्हत्या. माईंचा फोन होता. माई साडेनऊला झोपतात. त्यांचा फोन रात्रभर जागा राहून कुठकुठल्या परक्या कंपन्यांशी मिनिटामिनिटाला गुजगोष्टी करत होता. आपले सगळ्यांचेच फोन हे करतात, फक्त आपल्याकडे वही नसते. नानांनी सकाळी चहाच्या वेळी यादी वाचून दाखवली. “पहाटे सव्वातीनला कोणाशी बोलत होतीस?” हा प्रश्न लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाल्यावर विचारला गेला. माईंनी दुधावरची साय बाजूला करत उत्तर दिलं, “सव्वातीनला तुम्ही घोरत होतात. ते काय लिहिलंय का त्यात?”

मग आली मनाई. नातवाच्या वयाची मुलं सट्ट्याच्या जाहिरातींना भुलतात, असं नानांनी पेपरात वाचलं होतं. ज्या संकेतस्थळाच्या नावात इंग्रजी बी, ई, टी ही तीन अक्षरं सलग येतील ते बंद, असा नियम त्यांनी लिहिला. नियम अचूक होता. स्क्विडनेही तो अचूक पाळला. दुसऱ्या दिवशी नानांना सकाळच्या साखरेचा आकडा नेहमीपेक्षा वर दिसला, म्हणून ते आहाराचा तक्ता शोधायला बसले, तर एकही पान उघडेना. डायबेटीसच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ही तीन अक्षरं शेजारी शेजारी बसलेली असतात. तिबेटही बंद झाला होता आणि अल्फाबेटही. पण त्यांचं घरात कोणाला पडलेलं नव्हतं. माईंनी मात्र समाधानाने मान हलवली. “बरं झालं. आता घरात डायबेटीस यायचा नाही.”

ह्या सगळ्यात नानांची खरी कलाकृती आपसूक कोणाच्याच नजरेला पडली नाही, ह्याची हळहळ मला अजून आहे. पान नाकारलं की स्क्विड एक सूचना दाखवतो, आणि ती सूचना आपल्या शब्दांत लिहिता येते. नानांनी ती तीन दिवस घडवली. काळी चौकट, वर ‘सूचना’ आणि खाली: ‘हे संकेतस्थळ पाहण्यास सक्त मनाई आहे. अडचण असल्यास समक्ष भेटावे. वेळ सकाळी १० ते १२. सबब चालणार नाही. आज्ञेवरून.’ आता गोम अशी, की हल्ली जवळपास सगळी संकेतस्थळं एचटीटीपीएसवर असतात. म्हणजे दादरला निघालेल्या माणसाला लोक आता बंद पाकीट देतात. पत्ता वाचता येतो, आतली चिठ्ठी वाचता येत नाही, आणि परत येताना तो आपली चिठ्ठी त्या पाकिटात सरकवूही शकत नाही. त्यामुळे मनाई झाली तरी ब्राउझर नानांची सूचना दाखवत नाही. ‘टनेल कनेक्शन फेल्ड’ असं काहीतरी स्वतःचं करडं, कोरडं पुटपुटतो. शेवटी नातवालाच दया आली. एचटीटीपीएसकडे कधी न वळलेलं एक जुनाट संकेतस्थळ त्याने शोधून दिलं. नानांनी ते मुद्दाम बंद यादीत घातलं, मजल्यावरच्या आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि उघडून दाखवलं. सूचना झळकली. आम्ही टाळ्या वाजवल्या. माईंनी कांदेपोहे केले होते.

साठवणुकीचंही तेच झालं. बंद पाकिटात काय आहे हे माहीत नसताना त्याच्या चार प्रती करून ठेवणार कशा? एके काळच्या प्रॉक्सीची सगळी कमाई ह्या ‘जास्तीचं आणून ठेवण्या’त होती, ती एचटीटीपीएसने जवळजवळ संपवली. वहीत ‘हिट’ हा शब्द दिसला की नाना त्याला हिरवं वर्तुळ करायचे. हिरवं पेन अजून नवंकोरं आहे. शिवाय डेटा वाचवायचा तर तो मोजका हवा. नानांच्या कनेक्शनला मोजदादच नाही.

मोजदाद होती ती विजेला, आणि तिचा हिशेब माईंकडे. जुना डेस्कटॉप शंभर वॅट खातो असं धरलं, तरी दिवसाला २.४ युनिट आणि महिन्याला ७२. महाराष्ट्रात घरगुती वीज शंभर युनिटपर्यंत एका दराने आणि त्यापुढे चढ्या दराने मिळते, हे गृहिणीला तिथीसारखं पाठ असतं. माईंनी दोन बिलं शेजारी शेजारी ठेवली आणि काही बोलल्या नाहीत. हेच काम चार-पाच वॅटवर करणारी रास्पबेरी पाय नावाची पत्त्यांच्या जोडाएवढी पाटी मिळते, असं मी सुचवलं. नानांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की मी भंगारवाल्याचा सख्खा भाऊ आहे.

दरम्यान घराने आपापल्या वाटा काढल्या होत्या. ‘हे फक्त वायफायला लागतं ना?’ ह्या प्रश्नाचा उलगडा असा, की नातू वायफाय बंद करून माईंच्या फोनच्या हॉटस्पॉटवर खेळत होता. माईंच्या रिचार्जमध्ये रोजचा दीड जीबी मिळतो. त्यांना एक कीर्तन आणि दोन भाच्यांचे व्हिडिओ कॉल एवढंच लागतं. उरलेला डेटा नातवाला मिळायचा, बदल्यात तो त्यांना फुलपुडी आणून द्यायचा. मुलाने स्वतःच्या सिमचा प्लॅन वाढवला. वहीत घर दिवसेंदिवस सदाचारी होत गेलं. महिनाअखेरीस नाना मला अभिमानाने म्हणाले, “बघ, शिस्त लागली.”

एक काम मात्र प्रॉक्सीने खरोखर केलं. भारतातली काही सरकारी संकेतस्थळं परदेशातून उघडत नाहीत. मुलीला जर्मनीतून कसलासा फॉर्म भरायचा होता. “आपल्या घरातून बाहेर पड,” नाना फोनवर म्हणाले, “जगाला वाटेल तू डोंबिवलीतच आहेस.” पलीकडे क्षणभर शांतता होती. डोंबिवलीतून निघायला तिला दोन परीक्षा आणि एक व्हिसा लागला होता.

पण बाहेरून घरात येणं सोपं नाही. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते साधारण ४२९ कोटी; त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११मध्येच वाटून संपला. त्यामुळे कंपन्या अनेक गिऱ्हाइकांना एकाच पत्त्यामागे बसवतात. राउटरमध्ये बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७च्या पट्ट्यातला दिसला, की समजायचं, आपण चाळीत राहतो आणि पाटी फक्त दर्शनी दाराला आहे. बाहेर जाता येतं, बाहेरच्याला थेट आपल्यापर्यंत येता येत नाही. हे नानांना सांगायची गरज पडली नाही. “म्हणजे आउटगोइंग चालू, इनकमिंग बंद,” ते म्हणाले. “बिल थकलेल्यांचं आम्ही नेमकं उलटं करायचो.”

त्यांनी महिन्याला जास्तीचे पैसे भरून स्वतंत्र, कायमचा पत्ता घेतला. राउटरमधून ३१२८ला वाट दिली, मुलीसाठी नाव आणि पासवर्ड ठेवला. तिचा फॉर्म भरून झाला. आणि त्याच रात्री वही भरू लागली. उघडं पोर्ट हुडकत फिरणारे यंत्रमानव इंटरनेटवर चोवीस तास हिंडत असतात. कुठे बिनकुलपाचा प्रॉक्सी सापडला, की त्याच्या नावावर आपले उद्योग करतात. नानांची कडी घट्ट होती. ओळीमागून ओळ येत होती आणि प्रत्येकीपुढे एकच शेरा: ‘डिनाइड’. कुठकुठल्या देशांतले अनोळखी पत्ते, अर्ज करतायत आणि नाकारले जातायत. घरात ज्या मनाईला कोणी विचारत नव्हतं, तिला अखेर खरेखुरे अर्जदार मिळाले होते. मी गेलो तेव्हा नाना खुर्चीत ताठ बसले होते. “रांग बघ,” ते म्हणाले. निवृत्तीनंतर एवढे खूश मी त्यांना पाहिलेलं नाही.

ती वाट बंद करायला त्यांना पटवताना माझे दोन चहा झाले. मुलीला पुन्हा लागलंच तर व्हीपीएन बसवू, असं ठरलंय.

वाचकहो, तुमच्याही माळ्यावर असा एखादा डबा असेल आणि त्याचं ‘काहीतरी’ करायची ऊर्मी येत असेल तर जरूर करा. शिकायला फार मिळतं आणि माकूळ गुणी आहे. मात्र त्याला राउटरमध्ये कायमचा पत्ता राखून द्या, विजेचं बिल घरच्यांच्या आधी स्वतः बघा, आणि पोर्ट ३१२८ बाहेरच्या जगाला बिनपासवर्डाचं उघडं टाकू नका. परक्याने केलेल्या भानगडीची चौकशी तुमच्या पत्त्यावर येईल. फाइलमधलं एखादं कलम अडलं तर नानांना समक्ष भेटा. वेळ सकाळी १० ते १२.